लांब प्रार्थनेची बाई

नाताळ अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. विषय त्यांनीच ठरवून दिला होता : 'माझ्या नोकरीत प्रार्थनेनं तारलेले प्रसंग'. खाली सूचना होती की लेख वाचकांच्या श्रद्धेला बळ देणारा असावा. मी आयुष्यभर सरकारी नर्स होते, बाळंतपणं करणारी. प्रार्थनेनं तारलेले प्रसंग माझ्या नावावर पुष्कळ सांगितले जातात, पण ते सगळे दुसऱ्यांनी सांगितलेले. मला स्वतःला पक्का ठाऊक असलेला प्रसंग एकच आहे आणि तो तारण्याचा नाही. छापायचा नसेल तर परत पाठवावा, तिकीट लावलेलं पाकीट जोडलं आहे.

आधी आमचं काम समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लोकांना वाटतं नर्सबाईचं काम म्हणजे बाळ बाहेर काढणं. बाळ बहुतेक वेळा आपल्या आपण येतं. आपण हात स्वच्छ धुवायचे, कात्री उकळून घ्यायची आणि घरातल्या म्हाताऱ्यांना नाळेवर राख टाकू द्यायची नाही, एवढंच. खरं काम बाळामागून वार पडल्यावर सुरू होतं. बाळ रडलेलं असतं, घरात साखर वाटायची घाई असते, सगळ्यांचे डोळे बाळाकडं असतात. बाळंतिणीकडं कुणाचंच लक्ष नसतं. तेव्हा नर्सनं बाजेशी बसून तिच्या ओटीपोटावर हात ठेवायचा. आतली पिशवी आवळून नारळासारखी टणक लागली तर ठीक. ती मऊ पडली तर आत रक्त सुटलंय असं समजायचं. मग लगेच पोट चोळायचं, इंजेक्शन द्यायचं. उशीर झाला तर अंगातलं सगळं रक्त जायला फार वेळ लागत नाही. मिशन दवाखान्यात आम्हाला शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टर रोज म्हणवून घ्यायच्या : हात पोटावर, डोळा कापडावर, पुरा तासभर.

माझं दुसरं शिक्षण मिशनच्या बोर्डिंगातलं. तिथं प्रार्थनेत डोळे उघडे सापडले की रविवारचा शिरा बंद. उघडे डोळे पकडणाऱ्या बाईंचे स्वतःचे डोळे त्या वेळी कुठं असायचे, हा प्रश्न मला निवृत्त झाल्यावर सुचला. तर त्या बोर्डिंगात माझी प्रार्थना सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत सुरेख. आजारी, प्रवासी, विधवा, सरकार, पाऊस, सगळं एका दमात ओवून घ्यायची. मध्येच कुणी खोकलं तर त्याच्या छातीसाठीही दोन शब्द घालायची आणि पुढं जायची, कुठं टाका दिसायचा नाही. पाहुणे आले की मला पुढं करत. 'मार्था, तू प्रार्थना चालव.'

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. आमचा उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सुमाराला माझी नेमणूक भूमच्या बाजूला, ईटच्या पलीकडं एका गावातल्या सरकारी केंद्रावर झाली. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरातली माणसं अजून आहेत. माझ्या आजोबांनी दुष्काळात बाप्तिस्मा घेतला होता. मिशनच्या लेखी आम्ही नवी माणसं झालो. सरकारच्या लेखी ख्रिस्ती झालो, म्हणून सवलत नाही. गावाच्या लेखी मात्र आम्ही महारवाड्यातलेच राहिलो, त्यात तसूभर फरक पडला नाही. बाई अडली की मला थेट आतल्या खोलीत नेत, कारण ती खोली तशीही विटाळाची. काम संपलं की मी पुन्हा ओसरीच्या खाली. पाणी वरून ओतायचं आणि चहाचा कप कोनाड्यातला, कान तुटलेला, माझ्यासाठी वेगळा ठेवलेला.

पण एक गोष्ट होती. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर मी प्रार्थना करायची, आणि त्याआधी बोर्डिंगातल्या सवयीनं म्हणायची, 'डोळे मिटा सगळ्यांनी.' आणि सगळ्या मिटायच्या. मोठ्या घरच्या मालकिणी, ज्या माझ्या सावलीला अंग चोरायच्या, त्या डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून, मान खाली घालून माझ्यापुढं उभ्या राहायच्या. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी एक डोळा हळूच उघडून पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. त्यानंतर प्रार्थना लांबत गेली. तीन मिनिटांची पाच झाली, पाचाची दहा. ती देवासाठी लांबतेय असं मी समजत होते.

गावोगाव माझं नाव पडलं ते नर्स म्हणून नाही, लांब प्रार्थनेची बाई म्हणून. लोकांना तो औषधाचाच भाग वाटायचा. ईटच्या एका म्हातारीनं सुनेच्या बाजेशी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "बाई, तुमचा देव सायबाचा. त्येला आपली मराठी उमजती का?"

"उमजते की."

"मंग त्येला सांगा, हिला ल्योक दे म्हनावं. पन हळू सांगा, आमचा म्हसोबा हितं पल्याडच हाय."

पुढं मी तुळजापूर तालुक्यात गेले तरी हे नाव माझ्या आधी तिथं पोचलेलं. तामलवाडीचा एक आजोबा केंद्रावर धापा टाकत आला. "नरसबाई, म्हस अडलीया. चला."

"बाबा, मी म्हशींची नर्स नाही."

"मला ठावं हाय. हात लावूच नगा तुमी. निस्तं ते डोळं मिटायचं करा."

गेले, दोन शब्द म्हटले. म्हैस मोकळी झाली आणि दुसऱ्या दिवशी दारात आणखी दोन म्हशीवाले हजर. संपादकांना प्रार्थनेनं तारलेला प्रसंग हवाच असेल तर त्यांनी हा घ्यावा.

आता केवळचं सांगते.

केवळ ही ईटपलीकडच्या त्या पहिल्या गावातल्या एका मोठ्या शेतकरी घरातली सून, भगवानरावांची बायको. विशीच्या आतली, पहिलटकरीण. सातव्या महिन्यात तिची सासू गुणाबाई तिला तपासायला केंद्रावर घेऊन आली. म्हातारी दारात कुणाशी तरी बोलत उभी होती. केवळ म्हणाली, "बाई, तहान लागलीया, घेऊ का?" आणि मी काही बोलायच्या आत ती माझ्या माठातलं पाणी माझ्या तांब्यानं घेऊन घटाघटा प्यायली. मी घाबरून दाराकडं बघितलं. तर ती हसून म्हणाली, "आत्याबाईला दिसलं न्हाय. आन दिसलं तर दिसलं, पोटातलं तान्हेलं हाय त्येला काय कळतंय?" त्यानंतर ती दर वेळी माझ्याकडं पाणी प्यायची. त्या गावात माझ्या माठाला हात लावणारी ती एकटी.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी तिची सुटका झाली. मुलगी झाली. वार अख्खी पडली, मी उलटून पालटून पाहिली. पोटावर हात ठेवला, पिशवी टणक होती. सगळं पुस्तकातल्यासारखं झालं होतं. मुलगी म्हणून गुणाबाईचं तोंड जरा उतरलं, पण लगेच ती सावरली. बाजारासाठी आलेल्या भावकीतल्या पाच-सहा बाया दारात गोळा झाल्या होत्या. म्हातारीला त्यांच्यापुढं मिरवायचं होतं.

"बाई, तुमची ती म्हना की आता. ह्यास्नी बी ऐकू द्या. जरा चांगली म्हना."

मी केवळच्या पोटावरचा हात उचलला. प्रार्थनेला दोन्ही हात जोडायचे असतात ना. 'डोळे मिटा,' म्हटलं आणि स्वतःही मिटले.

त्या दिवशीची माझी प्रार्थना जन्मात केली नाही इतकी सुंदर झाली. दारातल्या बाया इतक्या गप्प होत्या की अंगणातल्या कोंबड्यांची नखं ऐकू येत होती. बाळासाठी मागितलं, घरासाठी, धन्याच्या कामासाठी, गाईगुरांसाठी. मध्येच बाजेवरून केवळ म्हणाली, "बाई, गार लागतंय वो."

मी ऐकलं. आणि म्हणाले, "प्रभू, या तुझ्या लेकीला तू आपल्या पंखांची ऊब दे."

थोड्या वेळानं ती पुन्हा बोलली, अगदी हळू. नुसतं "बाई" म्हणाली.

मी म्हणाले, "तिच्या थकल्या जिवाला विसावा दे."

हे दोन्ही शब्द किती बरोबर बसले, असं माझ्या मनात आलं. टाका दिसला नाही. हे एवढं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं, भगवानरावांनाही नाही. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा केवळचे ओठ चुन्यासारखे पांढरे झाले होते. खाली दोन गोधड्या घातल्या होत्या, त्यांनी सगळं रक्त पिऊन घेतलं होतं आणि आता ते बाजेखाली सारवलेल्या जमिनीवर टपकत होतं. हात घातला तर पिशवी पिठाच्या गोळ्यासारखी मऊ. चोळलं, दाबलं, इंजेक्शन दिलं. इंजेक्शन बॅगेत पहिल्यापासून होतं. वेळही होता, तो मी प्रार्थनेला दिला होता. गाडी जुंपली, भूमची वाट धरली. मोठा रस्ता लागायच्या आत एका बांधापाशी ती गेली.

परत आल्यावर मी ओसरीखाली उभी राहिले. म्हटलं आता शिव्या पडतील, कदाचित मारही. गुणाबाई रडत बाहेर आली आणि तिनं मला हात जोडले. "बाई, तुमी लई केलं. जाताना पोरीच्या कानात देवाचं नाव तरी पडलं." मला तिथंच थुंकावंसं वाटलं, स्वतःवर.

डॉक्टरांनी कागदावर 'प्रसूतीनंतरचा रक्तस्राव' असं लिहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, खेडेगावात हे चालायचंच. तुम्ही इंजेक्शन दिलं होतं ना? मग झालं." इंजेक्शन कधी दिलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नोकरी होती, घरी म्हातारे आईवडील होते. हेही लिहून टाकते.

मग आमच्या पाळकसाहेबांच्या कानावर ही गोष्ट गेली. दुसऱ्याच रविवारी त्यांनी उपासनेत ती साक्ष म्हणून सांगितली. आपली एक भगिनी मृत्यूच्या दारातही न डगमगता प्रभूचं नाव घेत राहिली आणि परक्यांच्या घरात सहा बायका डोळे मिटून ते ऐकत होत्या, असं ते भरल्या गळ्यानं सांगत होते. सगळी मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हणाले. उपासना संपल्यावर त्यांच्या खोलीत जाऊन मी त्यांना खरं काय ते सांगायला सुरुवात केली. त्यांनी मला पुरं बोलूच दिलं नाही. म्हणाले, "मार्थाबाई, हा सैतानाचा आवाज आहे, तो तुम्हाला दोषी ठरवतोय. चला, आपण प्रार्थना करू. डोळे मिटा."

लोक विचारतात, देवावर राग आला का? देवावर कशाला? हात उचल, डोळे मीट, असं त्यानं मला सांगितलेलं नव्हतं. ते आम्हाला बोर्डिंगनं शिकवलं. प्रभू स्वतः तर लोकांना दिसावं म्हणून लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांवर चिडायचा. तो उतारा आम्हाला पाठ करायला कधी दिला नाही. माझा राग त्या बोर्डिंगवर आहे, पाळकसाहेबांवर आहे, त्या कान तुटलेल्या कपावर आहे, कारण तो कप नसता तर मला कुणाला माना खाली घालायला लावायची एवढी हौस वाटली नसती. पण असा राग वाटून दिला म्हणून माझा वाटा कमी होत नाही, हे मला कळतं.

त्या दिवसापासून मी प्रार्थनेत डोळे मिटत नाही, घरी नाही आणि देवळातही नाही. मंडळीत कुजबूज झाली, मार्थाबाईंना गर्व झालाय. पाळकसाहेबांनी समजावून पाहिलं, मग माझ्याशी बोलणंच सोडलं. मी देवाशी बोलते, पण दोन-चार शब्दांत आणि समोर बघून.

केवळच्या पाठची बहीण प्रयाग. वर्ष व्हायच्या आत तिला त्याच घरात दिलं. लेकराला मावशीच आई बरी, असं सगळे म्हणाले. मी बदली मागितली, मिळाली नाही. महाराष्ट्र राज्य झालं, केंद्रावरची पाटी बदलली, मी तिथंच. आणि एका सकाळी भगवानराव स्वतः गाडी घेऊन दारात उभे.

"बाई, प्रयागला कळा सुटल्यात. आईनं सांगितलंय, थोरलीच्या येळी केल्ती तशीच प्रार्थना पायजे."

मी म्हटलं, "भूमला न्या. तिथं डॉक्टर आहेत."

"न्हाय. आईला तुमीच पायजेत. ती म्हन्ती, थोरलीचं नशीब खोटं निघालं, पन प्रार्थना लई गोड झाल्ती."

मी बॅग उचलली. इंजेक्शनाच्या कुप्या दोनदा मोजून घेतल्या.

तीच खोली होती, बाजही तीच. मी गोधड्या काढायला लावल्या आणि पांढरं धोतर फाडून खाली घातलं. सूर्य माथ्यावर यायच्या आत मुलगा झाला. गुणाबाईचा आनंद घरात मावेना. वार पडली, मी हात पोटावर ठेवला आणि डोळे कापडावर.

म्हातारी लगबगीनं आली. "बाई, आता म्हना."

"नंतर."

"आवो, समदे हात जोडून उभे हायेत."

"उभे राहू देत."

आणि तेवढ्यात माझ्या हाताखाली पिशवी मऊ पडली. कापडावर लाल फुटलं. मी पोट चोळायला घेतलं, दुसऱ्या हातानं बॅग ओढली, म्हातारीला कुपी फोडायला लावली. प्रयाग ओरडत होती आणि मला तिचं ओरडणं गोड लागत होतं. थोड्या वेळात पिशवी आवळली. मी हात हलवला नाही. तासभर म्हणजे तासभर. माझ्या पाठीला रग लागली, मान अवघडली, कुणी तरी दोनदा काही विचारून गेलं, मी वर पाहिलं नाही. प्रयाग वाचली.

बाहेर आले तेव्हा भगवानराव गोठ्यापाशी बैलाचं दावं चाचपत उभे होते. चार वर्षं जे घशात होतं ते मी बोलून टाकलं. "भगवानराव, आज प्रयागला झालं तेच केवळला झालं होतं. आज माझा हात पोटावर होता म्हणून कळलं. तेव्हा मी हात काढून डोळे मिटून बसले होते. केवळ माझ्यामुळं गेली."

त्यांनी दाव्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "आमच्या बायकांनी बी मिटलं व्हतं की डोळं."

"माझ्या सांगण्यावरून."

"देवाच्या नावानं मिटलं व्हतं. त्येला चूक कशी म्हनावी?"

"मग कुणाची म्हणायची?"

"कुनाचीच न्हाय, बाई. तिची येळ भरली व्हती." त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. "तुमी दमलात. च्या घेऊन जावा."

मला त्या माणसाचा राग हवा होता. चार वर्षं मी त्याच्यासाठी थांबले होते. त्यांना राग आला असता तर कधी तरी त्यांनी माफही केलं असतं. ज्याच्या लेखी गुन्हाच घडलेला नाही, तो माफ कशाला करेल? चहा आला तो कोनाड्यातल्या त्याच कपात. मी तो तसाच ओसरीवर ठेवला.

निघताना गुणाबाई आडवी आली. मुलगा झाला, सून वाचली, तरी तिचं तोंड फुगलेलं. "ह्या टायमाला तुमी प्रार्थना केलीच न्हाय. सरकारी झालात बगा आता पुरत्या." मग मागं बोट दाखवून म्हणाली, "निदान तेवढं आमेन तरी म्हना. पोरगी मगाधरनं तशीच हाय."

खोलीच्या बाहेर भिंतीला टेकून केवळची मुलगी उभी होती. आजीनं तिला शिकवून ठेवलं होतं : बाई आल्या की डोळे मिटायचे आणि त्या आमेन म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत. आतल्या गडबडीत तिला सगळे विसरले होते. हात जोडलेले, डोळे इतके गच्च मिटलेले की कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "आमेन," म्हटलं. मागं एकही शब्द नसलेलं ते आमेन.

तिनं डोळे उघडले. आधी माझ्या कपड्यांवरचं रक्त पाहिलं, मग माझ्याकडं. "आई?" प्रयागलाच ती आई म्हणायची.

"बरी आहे. आत आहे, जा. आणि ऐक पोरी, पुन्हा कुणीही सांगितलं तरी डोळे मिटायचे नाहीत."

ती पळत सुटली. मागून म्हातारी ओरडली, "आगं, तशीच आत जाऊ नगं. आदी देवाला हात जोड."

पोरगी उंबऱ्यावर थांबली, हात जोडले आणि डोळे पुन्हा गच्च मिटून घेतले.